कॉम्प्युटरसमोरचं बारसं

पंगतीत जिलबी आली की आपण पानावर आडवा हात धरतो आणि ‘नको, नको’ म्हणतो. त्या ‘नको’चा अर्थ नको असा नसतो, हे वाढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तो बोटांच्या फटीतून दोन जिलब्या सोडतो, आपण ‘अहो, हे काय!’ म्हणतो आणि खातो. नागपुरात उभा जन्म काढलेल्या माणसाला याहून वेगळं वागणं कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरची जी दैना झाली, तिचं मूळ या एका संस्कारात आहे, माझ्या अडाणीपणात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरंच बोललं जातं.

झालं असं, की आमच्या अर्णवला तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला, मुलगा झाला. मोबाइलमधून माणसाचा नुसता आवाज यायचा, चेहरा अजून यायचा होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. चेहरा पाहायचा तर कॉम्प्युटरला कॅमेरा जोडावा लागे. तेव्हा ठरलं असं, की बारसं पर्थला होईल आणि आम्ही त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून ते साजरं करू. मी उत्साहाच्या भरात अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण देऊन टाकलं. ‘ऑस्ट्रेलियातलं बारसं आहे, थेट दिसणार आहे,’ हे वाक्य मी त्या आठवड्यात जितक्यांदा उच्चारलं तितक्यांदा पाटबंधारे खात्यातल्या सबंध नोकरीत मी कुठलंच वाक्य उच्चारलं नसेल.

आता बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमची नूपुर ही अर्णवची सख्खी आणि एकुलती एक बहीण. लग्न होऊन ती इथेच मानेवाड्याला असते, कॉलेजात शिकवते आणि सहसा कुणाचं ऐकत नाही. सोनिकाला, म्हणजे आमच्या सुनेला, दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून नूपुरनं भाच्यासाठी नाव ठरवून ठेवलं होतं आणि ते तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि एक दिवस अर्णवचा फोन आला, की नाव आमचं ठरलंय. ‘ताई, तुला काही त्रास नाही. आम्ही कॅमेऱ्यासमोर पाटी धरू, त्यावर नाव लिहिलेलं असेल. तू फक्त वाच.’

नूपुर फोनवर ‘बरं’ म्हणाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, ‘बाबा, मी काय रेल्वे स्टेशनवरची अनाउन्सर आहे का?’

एवढ्यावर भागलं असतं. पण अर्णवनं पुढे हेही सांगून ठेवलं होतं, की ऐन वेळी कॅमेरा चाललाच नाही तर काळजी नको, त्याच्या ऑफिसातली कुणी मिशेल नावाची बाई आत्या व्हायला हौसेनं तयार आहे. हे ऐकून नूपुरचा चेहरा उतरला. ‘मिशेल कुर्र करणार? माझ्या भाच्याच्या कानात?’ ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग पदर खोचल्यासारखा आवाज काढून म्हणाली, ‘नाव त्यांचं तर त्यांचं. पण कानात मीच सांगणार. बाबा, काय वाटेल ते करा, त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर चालला पाहिजे.’

मी शब्द दिला. तेव्हा कॉम्प्युटर उत्तम चालत होता.

त्याच संध्याकाळी आमच्या गुरुजींनी पत्रिका पाहून बाळाचं अक्षर सांगितलं. ते निघालं ‘ढ’. आता मुलांनी पाटीवर काय लिहायचं ते लिहावं, पण पाळण्यातलं एक नाव शास्त्राप्रमाणे असावं म्हणून मी इंटरनेटवर ‘ढ’वरून मुलांची नावं शोधायला बसलो. तिथे एक खिडकी उघडली. तिच्यात लिहिलं होतं, बाळांची दहा हजार नावं फुकट, कृपया ‘हो’ म्हणा. सबंध नोकरीत मला कुणी ‘कृपया’ म्हटलेलं नाही. तरी मी रीतीप्रमाणे आधी ‘नको’वर टिचकी मारली. तर तिनं विचारलं, खरंच नको? आता इतक्या आर्जवानं कुणी विचारल्यावर काय करणार? मी ‘हो’ म्हटलं. तिच्यामागे दुसरी खिडकी उभी होती. तिला रोजचं भविष्य द्यायचं होतं. तिच्यामागे हवामान सांगणारी, तिच्यामागे कॉम्प्युटरचा वेग वाढवून देणारी. आल्या माणसाला दारातून परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे मी सगळ्यांना आत घेतलं. ‘ढ’वरून एकही नाव मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरून इतक्या पट्ट्या येऊन बसल्या होत्या, की मधे वाचायला टपालपेटीच्या फटीएवढी जागा उरली होती. आणि त्या फटीत एक तोकड्या कपड्यांतली बाई पोटाला तेल चोळत नाचत होती. बंद केली की दुसऱ्या कोपऱ्यात उगवायची. पुन्हा बंद केली की दोघी. उत्तरानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, चहा ठेवताना पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ‘नातवाचं नाव शोधताय ना?’ एवढंच विचारलं. बायको ओरडली तर बाजू मांडता येते. या सुरापुढे नुसता चहा घेता येतो.

मग माझी खरी बेअब्रू सुरू झाली. आमच्या खात्यातले निवृत्त साहेब रोज सकाळी फिरायला भेटत, हात वर करत. त्या दिवशी त्यांनी मला पाहून रस्ता ओलांडला. घरी आल्यावर मेव्हण्याच्या फोनवरून उलगडा झाला. माझ्या नावानं माझ्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना ईमेल गेली होती. ‘तुम्हाला तुमच्या पोटाची लाज वाटते का? मलाही वाटायची. आता नाही. आपला, मधुसूदन.’ साहेबांचं पोट हा आमच्या ऑफिसात कुजबुजीचा विषय होता, पण त्यांना ते तोंडावर विचारायची हिंमत सबंध खात्यात कुणाची झाली नव्हती. ती माझ्या नावावर लागली. त्यात भर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सुभद्राकाकू वाटी घेऊन दारात उभ्या. ‘मधुभाऊ, तेल आहे म्हणते तुमच्याकडे? थोडंसं द्या ना. यायच्या पोटाले लावून पायते.’

‘यायच्या’ म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, भैयाजींच्या. भैयाजी कळमन्याच्या बाजारात धान्याची दलाली करतात आणि बिल्डिंगमधल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे तोडगा असतो. ते खाली आले, कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारली, डब्याच्या पाठीवर थाप मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘कीड पडली.’

‘व्हायरस म्हणतात त्याला, भैयाजी.’

‘तेच सांगून राहिलो ना मी. तुरीत कीड पडली का आमी काय करतो? गच्चीवर पसरतो. नागपूरच्या उन्हात कोणती कीड टिकते गा? दोन दिवस ऊन दाखवा, वरून कडुलिंबाचा पाला ठेवा. माल साफ.’

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. कॉम्प्युटरच्या किडीचा आणि उन्हाचा संबंध नाही हे मला समजतं. पण भैयाजींनी स्वतःच डबा उचलला, ‘चला, चला’ म्हणाले, आणि आग्रहापुढे माझं काय होतं ते वर आलंच आहे. मे महिन्याच्या उन्हात, उत्तराच्या कुरडयांच्या शेजारी, मच्छरदाणीखाली माझा कॉम्प्युटर वाळत पडला. खाली आणून लावला तेव्हा कीबोर्डची काही बटणं पापडासारखी वळली होती. पण आश्चर्य म्हणजे तो सुरू झाला आणि थोडा वेळ ती बाई काही दिसली नाही. भैयाजी चहा पिऊन, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला किडीबद्दल समजावत वर गेले. ते वर पोचतात न पोचतात तोच बाई आली. उन्हानं तिला काही झालं नव्हतं, उलट रंग जरा उजळ वाटत होता.

नूपुर रोज फोन करी. ‘बाबा, चालतोय ना?’ मी ‘हो’ म्हणे. आणि फोन ठेवून पुन्हा ती बाई बंद करायला जाई.

शेवटी रिक्षात मांडीवर घेऊन कॉम्प्युटर सीताबर्डीला सुशील नावाच्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेला. दुकानावर ‘संगणक दवाखाना’ अशी पाटी होती आणि बाहेर पेशंटांसारखी माणसं डबे मांडीवर घेऊन बसलेली. सुशीलनं वायर जोडली, पडदा पाहिला आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून दाखवला. मग म्हणाला, ‘काका, स्पायवेअर आहे हे. भरून आहे आतमध्ये. म्हणजे तुम्ही जे काही करून राहिले, ते कोणीतरी तिकडे बसून पाहून राहिलं.’

हे मी घरी सांगायला नको होतं. उत्तरानं त्या क्षणी पडद्यावर सोफ्याचं कव्हर टाकलं. मग तिला आठवलं, की मी उन्हाळाभर कॉम्प्युटरसमोर बनियनवर बसतो. ‘म्हणजे जगानं तुम्हाला त्या भोकाच्या बनियनवर पाहिलं?’ तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मला इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय कॉम्प्युटरजवळ जायला बंदी झाली. ती स्वतः हॉलमधून जाताना डोक्यावरून पदर घेऊन जाऊ लागली.

स्पाय म्हणजे हेर. घरात हेर शिरला तर सभ्य नागरिकानं काय करावं? मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं नीट बसवून घेतलं.

‘काय झालं जी?’

‘घरात हेर शिरलाय.’

‘दरवाजातून शिरला का खिडकीतून?’

‘खिडकीतून,’ मी म्हणालो. हे एका अर्थी खरं होतं. ‘आणि मग फोनच्या वायरमधून.’

त्यानं पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा उचललं. ‘चोरलं काय?’

‘माहिती.’

‘कायची माहिती?’

मी विचार केला. ‘ढ’वरून मुलांची नावं नाहीत ही बातमी, विजेचं बिल, गुरुजींचा पत्ता आणि साहेबांच्या पोटाविषयी माझं मत. हे सांगता येईना. ‘खासगी,’ मी म्हणालो.

‘मग मशीन जमा करा लागते जी. मुद्देमाल व्हय तो. केस निकाली लागली का घेऊन जाजा.’ त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक गंजलेली स्कूटर आणि चिठ्ठी बांधलेला एक कूलर न्यायाची वाट पाहत उभे होते. कूलरमध्ये कबुतरानं घर केलं होतं. बारसं चार दिवसांवर आलं होतं. मी म्हणालो, तक्रार काही नाही, इकडून जात होतो म्हणून सहज आलो. ठाण्यात सहज येणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यानं माझा पत्ता मात्र लिहून घेतला.

पुन्हा रिक्षा, पुन्हा सुशील. तो म्हणाला, ‘काका, आता इलाज एकच. सगळं पुसून टाकतो, नव्यानं भरतो.’ त्यानं ते केलं. आमच्या गोव्याच्या सहलीचे फोटो गेले, पण ती बाईही गेली. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. सुशीलनं हात जोडून सांगितलं, ‘काका, एकच करा. कोणी काहीही विचारलं, तर नाही म्हणा.’

घरी येऊन मी शर्ट घालून बसलो. इंटरनेट लावलं. लगेच एक खिडकी उघडली. आधीच्यांपेक्षा ही फार सभ्य होती, बाजूला ढालीचं चित्र होतं. तिनं विचारलं, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे का, याची कृपया खात्री करून घ्यायची का? इतके दिवस झालेल्या मनस्तापानंतर माझी विचारपूस करणारी ही पहिलीच होती. मी ‘नाही’ म्हणालो. तिनं विचारलं, तुम्हाला तुमच्या कुटुंबाची काळजी नाही का? आता या प्रश्नाला कुठला बाप ‘नाही’ म्हणेल? पुढे काय झालं ते सांगायला नको. उत्तरा स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा मी सोफ्याचं कव्हर पडद्यावर टाकून त्यासमोर पेपर वाचत बसलो होतो.

सायबर कॅफेत जावं तर ताशी भाड्यानं पाळणा हलवायचा का, असं उत्तरा आधीच म्हणाली होती. शिवाय बिल्डिंगला आमंत्रण गेलेलं. रविवार उजाडला.

हॉल माणसांनी भरला. पंखा आणि कूलर मिळून उकाडा इकडून तिकडे करत होते. उत्तरानं कॉम्प्युटरसमोर पाळणा बांधला होता आणि त्यात रीतीप्रमाणे वरवंट्याला टोपडं-झबलं घालून निजवलं होतं. घुगऱ्यांचं पातेलं तयार होतं. नूपुर हिरवी पैठणी नेसून, नाकात नथ घालून पाळण्याशी उभी होती. मी सोफ्याचं कव्हर काढलं.

कॅमेरा जोडला गेला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पर्थ आलं. पण पर्थच्या वर ती आली. पोटाला तेल चोळत, पूर्ण पडदाभर.

 सुभद्राकाकू चष्मा पुसून पुढे वाकल्या. ‘हे सून व्हय काय वं, उत्तरा? लय मोकळी आहे तिकडे जाऊन.’

मी ती बंद केली, दोघी आल्या. त्यांच्या मधल्या फटीतून सोनिकाचा कान, अर्णवचा खांदा आणि कुणाचे तरी सोनेरी केस दिसले. मिशेलच असणार. आवाजाच्या जागी गडगडाट येत होता. भैयाजी मागून ‘पाला काढला ना, म्हणून!’ असं ओरडत होते.  नूपुर नुसती पडद्यातल्या त्या सोनेरी केसांकडे पाहत राहिली, आणि तिच्या नथीवर टपकन एक थेंब पडला. त्या क्षणी मला त्या कॉम्प्युटरला पुन्हा गच्चीवर नेऊन खाली टाकावंसं वाटलं. आयुष्यात एक गोष्ट मुलीनं माझ्याकडे मागितली होती.

तेवढ्यात उत्तरा म्हणाली, ‘अगं, पण नाव कानात सांगायचं असतं ना? मग दिसायला कशाला हवं?’

 इतक्या दिवसांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी पर्थला फोन लावला. अर्णवनं उचलला. तिकडून बाळाचं रडणं स्वच्छ ऐकू आलं. सोनिकानं फोन बाळाच्या कानाशी धरायचा असं ठरलं. दोन्हीकडच्या फोनचे स्पीकर लावले आणि मी माझा फोन पाळण्यात वरवंट्याच्या टोपड्यापाशी ठेवला.

‘ताई, आधी सांग, पाटी दिसतेय ना?’ फोनमधून अर्णव ओरडला. ‘दिसत नसेल तर नाव मी बोलून सांगतो.’

आता मी जे पाहिलं ते सांगतो. त्याच क्षणी त्या दोन बायांपैकी एक आपोआप बाजूला सरकली. मागे अर्णव छातीशी पाटी धरून उभा होता. जाड ठळक मराठी अक्षरं होती. ‘कियांश’. नूपुर माझ्यापेक्षा पडद्याच्या जवळ होती आणि तिचे डोळे उत्तम आहेत.

‘दिसतेय,’ नूपुर म्हणाली.

ती पाळण्यात वाकली. फोनला ओठ लावले. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले. ‘कुर्रर्र,’ ती हळूच म्हणाली, आणि मग स्पष्ट म्हणाली, ‘राघव.’

धपाटे पडले. सुभद्राकाकूंचा हात धान्याची पोती उचललेला आहे, त्यांचा धपाटा पर्थपर्यंत ऐकू गेला असणार. तिकडचं रडणं थांबलं. तिकडचं बाकी सगळंही थांबलं.

‘ताई,’ अर्णवचा आवाज आला, ‘पण पाटीवर तर...’

मधेच सोनिकाचा आवाज. तिचं माहेर नागपूरजवळच्या कुहीचं. घरात ती अदबीनं पुस्तकी बोलते, पण कामाचं बोलायचं असलं की कुहीचं बोलते. ‘आता काहून बोलून राहिले तुम्ही? आत्यानं कानात सांगितलं ना? झालं मग. माह्या मायले ते कियांश म्हणताच येत नव्हतं.’

त्यावर हॉलमधल्या बायका हसल्या, घुगऱ्या वाटल्या जाऊ लागल्या आणि कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. तिकडे केकवर ‘कियांश’ लिहिलेलं होतं असं मागाहून कळलं. तो केक त्यांनी तसाच खाल्ला. आज बाळाच्या कागदपत्रांवर काय आहे ते असो, घरात आणि तिकडच्या शाळेतही त्याला राघव म्हणतात.

लोक पांगल्यावर नूपुर खुर्चीत बसून पाठ चोळत होती. नथ काढून तिनं मुठीत धरली होती आणि तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता इतका निवांत होता. मी तिच्याजवळ जाऊन आवाज खाली करून विचारलं, ‘खरं सांग. ती पाटी तुला दिसली होती की नाही?’

तिनं एकदा पडद्यावर नाचणाऱ्या त्या बाईकडे पाहिलं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुमच्या कॉम्प्युटरवर आजपर्यंत कुणाला काही धड दिसलंय का?’

माझ्या कॉम्प्युटरचा असा अपमान मी एरवी कुणाकडून ऐकून घेतला नसता. त्या दिवशी म्हणालो, ‘खरं आहे, बाई,’ आणि तो बंद केला.